दुसऱ्या रविवारची केळी

सप्टेंबर १९८८ ते जानेवारी १९८९ या पाच महिन्यांत सावद्याच्या चुडामण नानांच्या वखारीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रचलेली केळी गुरुवारपर्यंत जागोजागी पिवळी पडली. त्याच वखारीत, त्याच पानांवर, त्याच हमालांनी इतर रविवारी रचलेली केळी गुरुवारी हिरवीच होती.

वखार स्टेशनच्या रस्त्यावर होती. लांबी साठ फूट, रुंदी तीस फूट, वर पत्रे, भिंती विटांच्या. शनिवारी आणि रविवारी शेतांतून घड येत, वाळक्या पानांवर छातीइतक्या उंचीचे रचले जात आणि गुरुवारी वॅगन लागली की दिल्लीला जात. माल हिरवाच जावा लागे. वाटेत एक घड पिकला तर शेजारच्या दहांना सोबत घेतो, आणि दिल्लीत दार उघडल्यावर वास आधी बाहेर येतो.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच ते आठ या वेळात त्या वखारीत कविता वाचल्या जात. एवढा एकच फरक होता.

मंडळाचे नाव 'दुसरा रविवार काव्यमंडळ' आणि मी त्याचा चिटणीस. मी गावातल्या शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत असे. मी जन्मात एक ओळही रचलेली नव्हती आणि माझी निवड त्याच गुणावर झाली होती. ज्याच्या खिशात स्वतःची कविता नाही त्याने चिठ्ठ्या काढल्या तर भांडण होत नाही, असे मंडळाचे मत होते, आणि ते अनुभवावरून बनलेले होते.

नियम तीन होते. जो येईल त्याने वाचावे; आधी कविता दाखवावी लागत नसे. नावाची चिठ्ठी मोठ्या तराजूच्या पारड्यात टाकावी आणि निघेल त्या क्रमाने उभे राहावे. वेळ पाच मिनिटे. ती मी प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचने मोजत असे. अभिमन आबांनी तापी नदीवर अकरा भागांचे काव्य लिहिले होते. पाच मिनिटांत ते नदीला उगमापासून फार तर दोन मैल पुढे आणत, आणि मी थांबवले की म्हणत, "सर, निदान पुलापर्यंत तरी येऊ द्या." त्यावर जहांगीर शिंपी हमखास म्हणे, "आबा, तुमची नदी समुद्राला मिळेपर्यंत आम्ही आटून जाऊ."

गावात दुसरी जागा नव्हती असे नाही. वाचनालय सहाला बंद होई आणि सभासदांशिवाय कोणाला आत घेत नसे. शाळेचे सभागृह मिळाले असते, पण मुख्याध्यापकांना कविता आठ दिवस आधी सुवाच्य अक्षरात हव्या होत्या. वखारीत मात्र कोणीही येई. शिंपी, मास्तर, उर्दू शाळेच्या अनवरीबाई, खतांच्या दुकानातला कारकून, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतले चौघे जण. नाना स्वतः लिहीत नसत. दाराशी खाट टाकून ते डोळे मिटून ऐकत आणि एखादी ओळ आवडली की डावा पाय हलवत. त्या पायाकडे सगळ्यांचे लक्ष असे.

वखारीत पाने अंथरण्याचे काम भिकुबाई करीत. त्या मूळच्या साक्रीकडच्या. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर कामासाठी सावद्याला आल्या. नवरा गेला, काम राहिले, आणि धुळ्याकडची बोलीही राहिली. त्यांच्या 'शे'वरून, म्हणजे 'आहे'वरून, हमाल त्यांना चिडवत आणि त्या हमालांना त्याच 'शे'ने उत्तर देत. वर्षभर त्या कामाच्या निमित्ताने मागे उभ्या राहून ऐकत होत्या. सप्टेंबरात पारड्यातून एक चिठ्ठी निघाली, तिच्यावर नाव नव्हते, नुसते एक वाटोळे काढलेले होते.

"हे कोणाचं?" मी विचारले.

"मनं शे," मागून आवाज आला. "माले लिखता येस नही, गुरुजी. बोली दाखाडू का?"

त्या पदर सारखा करून पुढे आल्या आणि कोणाकडेही न बघता त्यांनी म्हटले:

*वखारमा बठ्ठा बसनात,*
*हिरवा डोंगर पाठले,*
*पाव्हना उना, पाव्हना गया,*
*काय लागनं ओठले?*

हिरव्या डोंगराला पाठ लावून सगळे वखारीत बसले, पाहुणा आला आणि गेला, त्याच्या ओठाला काय लागले, एवढेच त्यांनी विचारले होते. कविता वीस सेकंदांची होती. चार मिनिटे चाळीस सेकंद शिल्लक राहिली आणि तेवढा वेळ टाळ्या चालल्या. नानांचा पाय हलला नाही. ते उठून बसले. पुढची कविता चालू असताना त्यांनी झुलाल हमालाला घरी पिटाळले. नानांच्या माडीवर पाहुण्यांसाठी एक पिकलेला घड कायम टांगलेला असे. झुलाल तो टोपलीत घालून घेऊन आला. नाना स्वतः ओळीने फिरले आणि प्रत्येकाच्या हातात त्यांनी एकेक केळे ठेवले.

"बाईनं बरोबर बोट ठेवलं," ते म्हणाले. "माझ्या वखारीतून मानूस कोरड्या तोंडानं जाते म्हंजे काय? खा, खा. साखर आहे साखर!"

"व्वा, नाना, गोड!" असे सर्वांनी म्हटले. तेव्हापासून दर बैठकीला, चार-पाच कविता झाल्या की टोपली फिरू लागली. मीही दरवेळी केळे घेतले आणि गोड म्हटले.

दिल्लीची पहिली तार सप्टेंबरअखेर आली. ऑक्टोबरात दुसरी. नोव्हेंबरच्या बैठकीनंतरचा गुरुवार उजाडला तेव्हा हमालांनी दोनशेपैकी चाळीसेक घड बाजूला काढले आणि नानांनी मला शाळेतून बोलावून घेतले.

"सर, मी तुमच्यासारखा शिकेल नही," ते म्हणाले. "पन दुसऱ्या रविवारी कविता आनि गुरुवारी पिवळा माल, हे तीन डाव झालं. आता तुम्हीच मले सांगा."

"नाना, कवितेनं केळी पिकत नाहीत."

"मंग कशानं पिकतात?"

"ते मला अजून माहीत नाही."

"हे पाहा," नाना शांतपणे म्हणाले, "तुम्हाले माहीत नही, मले दिसते. फेब्रुवारीपर्यंत पाहू. तोवर कारन सापडलं तर बरं. नाहीतर मंडळानं आपली जागा पाहावी. मले काय आनंद आहे का यात? रविवारी मी काय करू, तेबी सांगा."

वखारीत तोपर्यंत एक सिद्धांत तयार झाला होता. झुलालच्या मते सगळ्या कवितांत ती शक्ती नव्हती. सप्टेंबराआधी दीड वर्ष कविता झाल्या होत्या, एक केळे पिवळे झाले नव्हते. सप्टेंबरात भिकुबाई बोलल्या आणि माल पिकला. युक्तिवादाची रचना निर्दोष होती, ही माझी अडचण होती. बातमी बाजारात गेली. जामनेरचा एक फळविक्या कच्च्या पपयांची पाटी घेऊन आला आणि भिकुबाईंना म्हणाला, "अक्का, यांच्यावर दोन ओळी म्हणा." त्यांनी त्याला हाकलले. पपया आठ दिवसांनी पिकल्या, आणि अक्का नुसत्या रागावल्या तरी फळ पिकते, असे तो सांगत सुटला. कच्ची पपई आठ दिवसांत कोणी न रागावताही पिकते, हे मी तीन ठिकाणी सांगितले. कोणाला त्यात रस नव्हता.

भिकुबाईंना मात्र यात गंमत वाटेना. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या माझ्या घरी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"गुरुजी, खरं सांगा. मना तोंडमा काही शे का?"

"काही नाही, भिकुबाई."

"मी नानानं मीठ खास. मना बोलाघाई त्यास्ना माल सडस, आनि मी बोलत ऱ्हाऊ? आते मी बोलाव नही."

"फेब्रुवारीपर्यंत थांबा."

"फेब्रुवारीमा तं वखारच बंद," त्या म्हणाल्या. "मंग मी कोनले बोलू, बकरीसले?"

त्यांच्या डोक्यात त्या वेळी सहा कविता तयार होत्या. कागदावर एकही नव्हती. त्या दुसरीकडे कोठेही उभ्या राहून बोलल्या नसत्या. वाचनालयाच्या पायऱ्या त्या चढल्या नसत्या आणि मुख्याध्यापकांना हवे असलेले सुवाच्य अक्षर त्यांच्याकडे नव्हते. मला कविता कळत नाही, पण हे कळत होते.

मी दोनशे पानी वही घेतली.

पिकणारे फळ इथिलिन नावाचा वायू सोडते, आणि हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भाग असला तरी कच्चे फळ पिकू लागते. हा वायू जळणाऱ्या पदार्थांच्या धुरातूनही निघतो. तेव्हा दुसऱ्या रविवारी वायू कोठून येतो, इतकाच प्रश्न होता. पहिल्या पानावर मी शक्यता लिहिल्या: उदबत्ती, विडी, माणसांच्या शरीराची उष्णता, त्यांचा श्वास. पाचवी एक शक्यता लिहिली, तिचे गणित मांडले, उत्तर नगण्य आले आणि ती खोडली. ती कोणती, ते पुढे येईल.

डिसेंबरच्या बैठकीत उदबत्ती आणि विडी बंद केली. विडीवाचून अभिमन आबांची नदी त्या दिवशी एक मैलच पुढे सरकली. गुरुवारी केळी पिवळी.

त्याच्या पुढच्या रविवारी, १८ डिसेंबरला, मी उष्णता आणि श्वास यांची परीक्षा घेतली. अठ्ठावीस हमाल पाच ते आठ वखारीत बसवायचे, कवींच्याच जागांवर, दार लावून. फरक एकच, कविता नाही.

"नुसतं बसायचं?" झुलालने विचारले.

"पत्ते खेळा. आवाज केला तरी चालेल."

त्यांनी आवाज केला. मी चार ठिकाणी तापमापक टांगले होते. कवींमुळे तापमान दीड अंशाने वाढत असे, हमालांमुळे ते सव्वादोन अंशांनी वाढले. मध्ये त्यांना दोनदा चहा दिला. गुरुवारी वखार उघडली तेव्हा सगळा माल पोपटी हिरवा होता.

झुलाल माझ्याकडे दयेने बघत होता. "सर, आमी तीन तास बोंबललो, एक केळं हाललं नाही. आता तरी माना. दम कवितेतच हाये."

प्रयोग नीट झाला होता आणि त्याचा निष्कर्ष माझ्याविरुद्ध होता. त्या आठवड्यात शाळेच्या शिक्षक-खोलीत गणिताच्या मास्तरांनी मला विचारले, की गझलेने पिकते का ओवीने.

८ जानेवारीच्या बैठकीला सत्तावीस माणसे होती. भिकुबाई आल्या, पण चिठ्ठी टाकली नाही. घडांना पाठ लावून त्या तीन तास गप्प बसल्या. नानांनी टोपली फिरवली, सर्वांनी गोड म्हटले. नानांचा पाय दोनदा हलला, तोही सवयीने हलल्यासारखा. भुसावळच्या एका कवीने इंजिनाच्या शिट्टीवर चांगली कविता वाचली, पण टाळ्या पडल्या त्या उरकल्यासारख्या. सगळ्यांना पुढचा महिना दिसत होता.

गुरुवारी, १२ तारखेला, मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन हमालांच्या आधी वखारीत पोचलो. भिकुबाई न बोलताही केळी पिकलीच होती; म्हणजे निदान त्या सुटल्या. नाना म्हणाले, "मंग बाकीच्यांच्यानं पिकत असंल. मुदत तीच."

या वेळी मी एक गोष्ट केली, जी पहिल्याच महिन्यात करायला हवी होती. वखारीचा आराखडा काढून त्यावर तीन फुटांचे चौकोन आखले, आणि प्रत्येक पिवळा घड त्याच्या चौकोनात, जमिनीपासूनच्या उंचीसह मांडला. उष्णता, श्वास किंवा धूर कारण असता तर पिवळेपणा वर, पत्र्यांकडे जास्त असता, किंवा सगळीकडे सारखा. आराखड्यावर काही वेगळेच दिसत होते. राशीच्या मध्यावर एकही पिवळा घड नव्हता. वरच्या थरात नव्हता. सगळे पिवळे घड राशींच्या कडेला होते, आणि सगळे जमिनीपासून एक ते दोन फुटांच्या पट्ट्यात.

मी खाली बसून पाहिले. बसलेल्या माणसाचा पाठीमागे गेलेला हात तेथे पोचतो.

"सर, हे सुटं केळं टाकू का?" झुलालने विचारले. तो घड उचलत होता आणि त्याच्या हातात एक पिकून काळे ठिपके पडलेले केळे होते.

"सुटं कुठून आलं?"

"निसटते एखादं घडातून. हर डावाले निघतात. आमी फेकून देतो."

"टाकू नका. सगळी सुटी केळी इथे आणून ठेवा."

मी ते केळे हातात घेतले. देठाची जागा सुकून तपकिरी झाली होती. ते चार दिवसांपूर्वी तुटलेले नव्हते, त्याच्याही आधी तुटलेले होते. ज्या घडातून ते निसटले म्हणायचे, त्या घडाची प्रत्येक फणी पूर्ण होती. कोठेही रिकामी जागा नव्हती. शिवाय शेजारची केळी नुकती पिवळी होत होती आणि हे एकटे त्यांच्या पुष्कळ पुढे गेलेले होते.

त्याच वेळी जहांगीर दारात आला. दर बैठकीनंतर तो केळ्यांची साले आपल्या बकरीसाठी नेत असे. या वेळी टोपली परत करायची राहिली होती.

"हे घ्या तुमचं भांडं," तो म्हणाला. "आणि चिटणीस साहेब, एक तक्रार लिहून घ्या. सत्तावीस माणसं केळी खातात आणि माझ्या बकरीला किती सालं? चार! दर महिन्याला चार. बाकीचे साल पण खातात काय?"

"नक्की चार?"

"मी शिंपी आहे, सर. मोजल्याशिवाय उचलत नाही."

"आणि तुमचं स्वतःचं साल?"

जहांगीरने रिकामी टोपली दुसऱ्या हातात घेतली. मग तो खाली बघून म्हणाला, "माझं... ते तिकडे कुठं तरी गेलं असेल."

दुपारपर्यंत पोत्यावर बावीस सुटी केळी जमा झाली. बावीस आणि चार, सव्वीस. हजेरीत सत्तावीस. एक केळे सापडले नाही; ते आजतागायत सापडलेले नाही आणि मी त्याची नोंद तशीच ठेवली आहे.

त्या बाविसांपैकी एक उजव्या भिंतीच्या राशीत, खालून तिसऱ्या घडात, चिटणिसाच्या जागेच्या अगदी मागे निघाले. ते तेथे कसे गेले हे मला शोधावे लागले नाही. ते मी ठेवले होते.

आता पाचवी शक्यता. ती अशी होती: 'मी घडात लपवलेले केळे'. सावद्यात वाढलेला माणूस केळे खात नाही. लहानपणी शेतात इतकी खाल्लेली असतात, की दहाव्या वर्षापर्यंत आयुष्यभराचा वाटा संपतो. पण नाना स्वतःच्या हाताने देतात तेव्हा नको म्हणता येत नाही, आणि न खाल्लेले केळे हातात घेऊन दाराशी बसलेल्या नानांसमोरून बाहेर पडता येत नाही. म्हणून सप्टेंबरापासून दरवेळी मी माझे केळे पाठीमागच्या घडात सरकवत होतो. वखारीच्या हवेचे माप काढून एका केळ्याच्या वायूचा हिशेब मी केला होता, तो बरोबर होता. एका केळ्याने दोनशे घड पिकत नाहीत. असे केळे एकच आहे, हे मात्र मी तपासले नव्हते. शिष्टाचार सोडणारा मंडळात मी एकटा, अशी माझी खात्री होती.

हे नानांना सांगणे सोपे नव्हते. पाच महिने त्यांनी प्रेमाने वाटलेले एकही केळे गावातल्या माणसाने खाल्ले नव्हते. न सांगावे तर वखार जात होती.

१२ फेब्रुवारीला पारड्यात मी पहिल्यांदाच माझ्या नावाची चिठ्ठी टाकली. वखार भरलेली होती. शेवटची बैठक म्हणून हमालही येऊन बसले होते. माझी चिठ्ठी तिसरी निघाली. स्टॉपवॉच मी जहांगीरकडे दिले.

"सर कविता म्हणणार?" अभिमन आबा म्हणाले. "आता केळी काय, विटा पिकतील."

"कविता नाही," मी म्हणालो. "निवेदन आहे. पाच मिनिटांत बसतं."

मी आराखडा तराजूच्या खांबाला टांगला. तापमान, धूर, हमालांचे पत्ते, सगळे क्रमाने सांगितले. मग म्हणालो, "८ जानेवारीला नानांनी दिलेलं केळं मी खाल्लं नाही. ते उजव्या राशीत, खालून तिसऱ्या घडात लपवलं. त्याआधीची चारही तशीच लपवली. नाना, मी तुमची माफी मागतो."

नानांनी डोळे उघडले होते. आराखड्यावरचे पिवळे ठिपके सगळ्यांना दिसत होते, आणि प्रत्येक जण आपापल्या जागेचा ठिपका शोधत होता.

अभिमन आबा हळूच उठले. "नाना, माझंबी एक. म्हंजे पाच."

"माझी चार," जहांगीर म्हणाला. "एका महिन्यात मी लग्नाला गेलो होतो."

अनवरीबाईंनी पाच बोटे वर केली. मग खतांच्या दुकानातला कारकून, मग दोघे मास्तर, मग सगळी रांग. हात वर होत गेले तसे हसू फुटत गेले, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून "तूबी?" असे विचारत होता. शेवटी भिंतीपाशी भिकुबाई उभ्या राहिल्या.

"मनाबी शेतस," त्या म्हणाल्या. "पन गुरुजी, तुमनं केळं मी पहिला दिनपाइन देखस. उजवा हात मांगे जास, आनि तोंडघाई म्हनतस 'गोड शे, नाना'!"

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तुम्ही गुरुजी शेतस. माले वाटनं, आपला दोनच जन चोर."

नाना खाटेवरून उठले.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "पाच महिन्यांत माझं केळं कोनीच खाल्लं नाही?"

"चौघांनी खाल्लं, नाना. दरवेळी."

"कोन चौघं?"

"भुसावळचे. ते पाहुणे आहेत."

भुसावळचे चौघे अपराधी चेहऱ्याने बसले होते. "आम्हाला खरंच आवडतं," त्यांतला एक म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे पाहिले, आराखड्याकडे पाहिले, आणि मग त्यांचे पोट हलू लागले. ते इतके हसले, की झुलालने त्यांना पाणी आणून दिले. डोळे पुसत ते म्हणाले, "अरे, मले कोनी विचारलं का, मी केव्हा खाल्लं? वीस वर्सं झाली! वासबी नको वाटते. अन् मी येड्यासारखा तुम्हाले 'साखर साखर' करत फिरतो! मंग बोलायचं ना, लेकहो!"

"तुमचं मन मोडायचं कसं, नाना?" आबा म्हणाले.

"मन राहिलं माझं, अन् माल गेला दिल्लीत सडून! बरं, काय खाता तुम्ही लोक?"

"भरीत!" हे मात्र सर्वांनी एका सुरात सांगितले, आणि त्यात कोणाचाही हात पाठीमागे नव्हता.

"मंग पुढल्या महिन्यापासून भरीत, अन् तेबी वखारीबाहेर, अंगनात. आत खायचं काही आनायचं नाही. सर, हे तुमच्या नियमात लिहा." त्यांनी खाटेवर बसून भिंतीकडे पाहिले. "आता पारड्यात वाटोळं आहे का नाही, ते पाहा."

पारड्यात वाटोळे नव्हते. मी एका कोऱ्या चिठ्ठीवर ते काढले, पारड्यात टाकले आणि लगेच बाहेर काढले. चिटणीस म्हणून मी केलेला हा एकमेव गैरव्यवहार. भिकुबाई पदर सारखा करून पुढे आल्या. आधीच्या सहांपैकी एकही न म्हणता त्यांनी तेथल्या तेथे सातवी म्हटली:

*बठ्ठा म्हनेत, नाना, गोड शे,*
*बठ्ठास्ना हात पाठले,*
*केळं गयं घडना पोटमा,*
*नाव लागनं ओठले.*

नानांचे दोन्ही पाय हलत होते. जहांगीर स्टॉपवॉच बंद करायला विसरला, त्यामुळे टाळ्या किती वेळ चालल्या याची नोंद नाही.

१६ फेब्रुवारीच्या गुरुवारी मी वखार तपासली. त्या रविवारी टोपली फिरलेली नव्हती. दोनशे चार घड, सर्व हिरवे. मार्चमध्येही तसेच, एप्रिलमध्येही तसेच. त्यानंतर मी तपासणी बंद केली आणि वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर कारण मांडले, ते असे.

सप्टेंबरात भिकुबाईंची कविता ऐकून नानांनी पाहुण्यांना पिकलेली केळी देण्यास सुरुवात केली. गावातल्या माणसांना केळी नको होती आणि नानांना नाही म्हणणे कोणालाच जमले नाही. म्हणून प्रत्येकाने, आपण एकटेच असे करत आहोत असे समजून, आपले केळे पाठीमागच्या हिरव्या घडात लपवले. त्या केळ्यांतून निघालेल्या वायूने आजूबाजूचे घड पिकले. हमालांना पाहुणा समजून कोणी केळे दिले नव्हते, म्हणून त्यांच्या रविवारी माल हिरवा राहिला. झुलालचा सिद्धांत, की केळी भिकुबाईंच्या कवितेने पिकतात, मी पूर्णपणे खोडू शकलो नाही. कविता आणि पिवळी केळी यांच्यामधल्या चार पायऱ्या तेवढ्या त्याला माहीत नव्हत्या.